लिस्टेड घराच्या खिडक्या बदलायच्या आहेत, मदत हवी

कुडकुडे: इंग्लंडात डर्बीशरमध्ये जुन्या हवेलीतला फ्लॅट घेतलाय. हॉलच्या खिडक्या बंद असल्या तरी पडदे हलतात. डबल ग्लेझिंगवाला (दुहेरी काचा बसवणारा) आला, 'लिस्टेड आहे', म्हणजे सरकारी वारसा यादीत आहे, म्हणाला आणि कोटेशन न देताच गेला. दुसरा कुणी माहीत आहे का? दिवाळीला आई-बाबा येतायत. लवकर सांगा.

माजघर: हवेली कधीची? यादीतली ग्रेड कुठली? फ्रीहोल्ड (कायमची मालकी) की लीझ (भाडेपट्टा)?

कुडकुडे: १७६०च्या आसपासची. ग्रेड दोन, लीझ. ग्रेडने काय फरक पडतो?

माजघर: काही नाही, परवानगी सगळ्यांनाच लागते. स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करायचा, त्याला फी नाही. विनापरवाना बदल हा फौजदारी गुन्हा आहे. शिवाय फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाचीही संमती घ्या. मूळ खिडक्या असतील तर डबल ग्लेझिंग विसरा, आतून दुसरी काच बसवा. त्यालाही आधी विचारून.

पेठकर: आमचा वाडा पाडून सोसायटी झाली. स्लायडिंग खिडक्या, वारा नाही, डास नाही. जुन्याचं कौतुक राहत नाहीत त्यांना.

खटपट्या: कौन्सिल कशाला? फटीत सिलिकॉन मारा, दहा मिनिटांचं काम.

माजघर: वर-खाली सरकणारी खिडकी आहे ती, सिलिकॉनने कायमची चिकटेल! कडांना ब्रशची पट्टी लावतात.

कुडकुडे: किचनला प्लास्टिकच्या खिडक्या आहेतच की. मग हॉललाच का नको?

माजघर: हे आत्ता सांगताय? परवानगी होती का त्यांना? नसेल तर काढायची नोटीस फ्लॅटच्या आजच्या मालकावर, म्हणजे तुमच्यावर येऊ शकते. लिस्टेड घरांना अशी नोटीस काढायला कालमर्यादा नाही. खरेदीच्या वेळी वकिलाने काय पाहिलं?

भटकभवानी: डर्बीशरला आहात तर केडलस्टन हॉल बघाच. लॉर्ड कर्झनचं घर. कोलकात्याचं गव्हर्नमेंट हाउस त्याच्यावरूनच बेतलंय, व्हाइसरॉय होऊन हा तिथेही राहिला!

चुनखडी: खिडकीच्या दोन्ही अंगांना लाकडी फळ्या दिसतात का? त्या काळच्या घडीच्या झडपा असणार, रंगाने चिकटलेल्या. सांध्यावरून पातळ सुरी फिरवून बघा. सँडपेपर अजिबात नको, जुन्या रंगात शिसं असतं.

कुडकुडे: एक उघडली! आत जाळी, मेलेल्या माश्या आणि लोखंडी अडसर. रात्री लावून घेतली, पडदा हलला नाही. बाकीच्या अजून घट्ट आहेत. किचनचं वकिलाला विचारलंय, उत्तर नाही.

पेठकर: फ्लॅट केवढ्याला पडला?