किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मॉरिशसला जाऊन काय पाहावे?

प्रश्न : देवगड_खाडीकाठ

आमची हापूसची बाग असल्यामुळे मार्चपासून मेअखेरपर्यंत घर सोडता येत नाही आणि चतुर्थीला तर घरातच असले पाहिजे. त्यामुळे यंदा जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैमध्ये आठ दिवसांसाठी मॉरिशसला जावे, असा विचार आहे. आम्ही दोघे आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई असे तिघे असू. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि त्यांना गुडघ्यांमुळे फार चढउतार जमत नाही. त्यांचा प्रश्न असा, की रोज अंगणातून समुद्र दिसत असताना तोच पाहायला सहा तास विमानात कशासाठी बसायचे? मला त्याचे नीट उत्तर देता आले नाही.

आणखी एक गोष्ट आहे. सासूबाईंच्या माहेरी जुनी माणसे पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ म्हणत आणि त्यांच्या पणजोबांचा एक भाऊ ‘मोरसला गेला तो परतला नाही’ असे सांगत. त्याचा काही माग तिथे लागू शकेल का? ज्यांनी हे बेट नीट पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : सड्यावरचे_घर (रत्नागिरी)

ताई, आपण निवडलेला काळ उत्तम आहे. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा तिथे हिवाळा असतो, किनाऱ्यावर दिवसा साधारण २४-२५ अंश तापमान असते आणि हवा कोरडी असते. चक्रीवादळांचा धोका मुख्यतः जानेवारी ते मार्च या महिन्यांत असतो, त्यामुळे जून-जुलैमध्ये ती काळजी नाही. मात्र या दिवसांत आग्नेयेकडून सतत वारा वाहतो. म्हणून मुक्काम पूर्व किनाऱ्यावर न ठेवता पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाककडे किंवा उत्तरेला ग्राँ बेकडे ठेवावा. क्युरपीपसारखी मधल्या पठारावरची गावे उंचावर असल्यामुळे तिथे गारठा आणि रिमझिम दोन्ही असतात, तेव्हा सासूबाईंसाठी स्वेटर जरूर न्यावा.

मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या एक तृतीयांशाहून थोडेसेच मोठे. त्यामुळे एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून रोज वेगळ्या दिशेला जाऊन संध्याकाळी परतता येते. वाहने डावीकडून चालतात आणि घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. विमानतळावर परतीचे तिकीट, राहण्याचे आरक्षण आणि खर्चाची तरतूद दाखवता आली पाहिजे. चलनाचे नाव रुपयाच आहे, पण तो आपल्या रुपयापेक्षा महाग आहे. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झाले आहे, तरी थोडी रोकड जवळ असू द्यावी. ताजी फळे, रोपे आणि बियाणे परवान्याशिवाय नेता येत नाहीत, म्हणून बागायतदार असलात तरी भेट म्हणून आंबे नेण्याचा विचार करू नये.

शाकाहाराची चिंता नको. तिथली रस्त्यावर मिळणारी दालपुरी सासूबाईंना नक्की आवडेल. शिजवून वाटलेली डाळ भरलेली ती मऊसूत, पातळ पोळी असते आणि तिच्यावर घेवड्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी व तिखट घालून दोन-दोन गुंडाळून देतात. पुरणपोळीतून गूळ काढून मीठ घातले तर जशी लागेल, तशीच मला ती लागली. ‘गातो पिमाँ’ या फ्रेंच नावाने जे विकतात, ते हरभऱ्याच्या डाळीचे मिरची घातलेले छोटे वडे आहेत.

उत्तर २ : तारकर्लीचा_नाखवा

सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण माझा सगळा जन्म पाण्यावर गेला आहे.

आपला समुद्र उघडा आहे. लाट थेट पुळणीवर येऊन फुटते आणि भरती-ओहोटीत पाणी दोन-तीन मीटर चढते-उतरते. मॉरिशसला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाची कड आहे. लाट त्या कडेवर, किनाऱ्यापासून बरीच लांब फुटते, तिथे पांढरी रेघ दिसते आणि आवाज घुमत राहतो. अलीकडे मात्र तळ्यासारखे उथळ, निवळशंख पाणी असते. भरती-ओहोटीचा फरकही अर्ध्या-पाऊण मीटरच्या आतबाहेरच राहतो. मालवणच्या पाण्यातही प्रवाळ आहे, पण आपल्या गढूळ पाण्यात ते बुडी मारूनच पाहावे लागते. तिथे ब्लू बे या संरक्षित सागरी क्षेत्रात काचेच्या तळाच्या होडीत बसून सासूबाईंना पाय न भिजवता प्रवाळ आणि मासे पाहता येतील. दक्षिणेला सुयाकजवळच्या ग्री-ग्रीला ती कड तुटली आहे आणि तिथे समुद्र पावसाळ्यातल्या आपल्या समुद्रासारखा काळ्या खडकांवर आदळतो. हे दोन्ही एकाच दिवशी पाहिले, म्हणजे कड काय काम करते ते कळते. ही कड नाजूकही आहे : २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे मालवाहू जहाज तिच्यावर चढून फुटले आणि त्यातील तेलाने आग्नेय किनारा काळा झाला.

पाण्यात उतरताना रबरी बूट घालावेत. उथळ पाण्यात दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासा असतो, त्यावर पाय पडला तर रुग्णालय गाठावे लागते. प्रवाळाचा तुकडा किंवा शंख उचलून आणू नये.

उत्तर ३ : राजापूर_पाखाडी

मला मोरसविषयी लिहायचे आहे. हा शब्द मॉरिशसवरूनच आला. तिथली साखर मुंबई बंदरात उतरे आणि बेटाचे नाव साखरेला चिकटले. त्या साखरेसाठी राबलेली काही माणसे आपल्याच वाड्यांमधून गेली होती.

१८३५ मध्ये गुलामगिरी बंद होणार होती, पण मळेवाल्यांना मजूर हवेच होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलास’ जहाजाने ३६ जण उतरले आणि पुढे १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय करारावर तिथे आले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून गेले. मुंबईहून गेलेल्यांची संख्या कमी होती, पण त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे पुष्कळ होती. पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. तिथे सोळा दगडी पायऱ्या आहेत. जहाजातून उतरलेला प्रत्येक माणूस त्या चढून वर आला. पायऱ्या थोड्याच असल्या तरी सासूबाईंना चढायला लावू नका, वरूनही त्या नीट दिसतात.

उसाच्या शेतांतून जाताना काळ्या दगडांचे मोठे ढीग दिसतील. जमीन ज्वालामुखीची आहे. ते दगड वेचून, डोक्यावरून वाहून, एकावर एक रचल्यावरच तिथे ऊस लावता आला. आपल्याकडचा गडगा ज्याने कधी रचला आहे, त्याला एक ढीग पाहूनही किती दिवसांचे काम असेल याचा अंदाज येतो. मी गाडी थांबवून अशा एका ढिगापाशी बराच वेळ उभा होतो.

आज तिथले मराठी लोक घरात बहुधा क्रिओल बोलतात आणि मराठी शाळेत शिकतात, तेव्हा वाटेत भेटणारा प्रत्येक जण मराठीत उत्तर देईल अशी अपेक्षा ठेवू नये. तरीही गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि आपल्या जाखडीला तिथे ‘झाकरी’ म्हणून त्या सणात अजून नाचतात. जुलैमध्ये हे पाहायला मिळणार नाही, याचे वाईट वाटते.

शोधाविषयी सांगायचे तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारी मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्यांत क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, वय, गाव आणि जहाज अशी माहिती मिळते, काहींची छायाचित्रेही आहेत. तयारीशिवाय थेट जाऊ नये, आधी पत्र पाठवून वेळ ठरवावी. नावे कारकुनाने कानाला ऐकू आली तशी इंग्रजीत लिहिलेली असल्यामुळे एकाच नावाची चार-पाच रूपे करून न्यावीत. तसेच सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, त्याआधी देवगड तालुका रत्नागिरीतच होता, म्हणून रत्नागिरीखाली पाहावे.

प्रश्नकर्त्या : देवगड_खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी तिन्ही उत्तरे सासूबाईंना वाचून दाखवली. दगडांच्या ढिगांचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला. त्या भावाचे नाव त्यांना आठवत नाही, पण त्याच्या वडिलांचे नाव आणि वाडी ठाऊक आहे. एवढ्यावर वहीत काही सापडेल का?

उत्तर ४ : राजापूर_पाखाडी

वडिलांचे नाव आणि वाडी ही मोठी शिदोरी आहे. त्या पिढीतील कोणाचे जन्माचे किंवा लग्नाचे अंदाजे साल मिळाले, तर दहा-पंधरा वर्षांचा टप्पा ठरवता येईल आणि शोध पुष्कळ सोपा होईल. सासूबाईंच्या माहेरची जुनी खातेपुस्तके किंवा देवस्थानाच्या मानकऱ्यांची यादी असेल तर त्यांतही पाहावे. वाडीचे नाव मात्र आज कागदोपत्री आहे तसे न लिहिता, सासूबाईंच्या तोंडी येते तसेच लिहून घ्यावे, कारण त्या कारकुनानेही तेच ऐकले असणार.