मदत हवी आहे: १/७२ हरिकेनच्या खाचांचं काय करू?

मंडळी, हॉकर हरिकेन मार्क २ या लढाऊ विमानाच्या १/७२ मापाच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढ्या) मॉडेलचं जुनं किट मिळालंय, मला ते १९४४ च्या इंफाळमधल्या आपल्या हवाई दलाच्या १ नंबर स्क्वाड्रनचं करायचंय, अर्जन सिंग कमांडर होते तेव्हाचं. पंख मोजले, १६९ मिमी, म्हणजे ४० फुटांना बरोब्बर. पण धडाच्या मागच्या भागावर, जिथे खऱ्या विमानात लाकडी पट्ट्यांवर कापड ताणलेलं असायचं, तिथे पन्हाळी पत्र्यासारख्या खाचा आहेत, नख अडकतं अक्षरशः. पॉलिश पेपरने घासू की प्रायमरचे थर देऊन बुजवू? आणि डिकल्समध्ये (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांमध्ये) लाल ठिपक्याचे राउंडेल, म्हणजे हवाई दलाच्या गोल खुणा, दिलेत, बर्मा आघाडीवर तर जपानी खुणेशी घोळ नको म्हणून लाल काढून टाकला होता, ते निळे-फिके निळे गोल कुणी हाताने रंगवलेत का, मास्किंग (रंग नको तिथे टेप लावून झाकणं) कसं केलंत?