परदेशाचं तिकीट नक्की कधी काढायचं? (अनुभव, आडाखे, चुका)

कार्बनप्रत

खण आवरताना एक जुनं कागदी विमानतिकीट सापडलं. तेच ते, लाल कार्बनचं, एकेक पान फाडत जायचं पुस्तक. आयाटाने (विमानकंपन्यांची जागतिक संघटना) १ जून २००८ पासून ती बंद केली, त्यामुळे इथल्या तरुण मंडळींनी पाहिलीही नसतील. त्यावर एका चौकटीत एकच इंग्रजी अक्षर असायचं, शेजारी भाड्याचा सांकेतिक शब्द आणि 'या तारखेआधी नाही', 'या तारखेनंतर नाही' अशा दोन तारखा. भाव असा का आणि तो केव्हा बदलेल, याचं बरंचसं उत्तर त्या चौकटींत असायचं. आता पडद्यावर ढळढळीत आकडा दिसतो, आणि हे सगळं कुठेतरी खाली बारीक अक्षरांत.

इकॉनॉमीची दोनशे आसनं म्हणजे एकच भाव नसतो. आत दहा-बारा कप्पे असतात, प्रत्येकाला एक अक्षर. खालच्या कप्प्यात मोजक्या जागा. त्या संपल्या की पुढच्याला वरच्या कप्प्याचा भाव दिसतो. म्हणून भाव हळूहळू चढत नाही, एकदम उडी मारतो. विक्री अपेक्षेपेक्षा मंदावली तर कंपनी बंद केलेला कप्पा पुन्हा उघडते, तेव्हा तो तसाच धपकन खाली येतो. शिवाय कप्प्यांना अटी असतात: निघण्याच्या ७, १४ किंवा २१ दिवस आधी तिकीट निघालं पाहिजे, तिथे अमुक दिवस राहिलं पाहिजे, मध्ये शनिवारची रात्र आली पाहिजे. २१वा दिवस उलटला की विमान अर्धं रिकामं असलं तरी तो भाव गेला.

माझा ढोबळ आडाखा: लांब पल्ल्याला, गर्दी नसलेल्या काळात, दोन ते पाच महिने आधी. जून ते ऑगस्ट किंवा डिसेंबरचा उत्तरार्ध असेल तर सहा ते नऊ महिने. बऱ्याच कंपन्या ३३० ते ३६० दिवस आधी विक्री उघडतात, पण पहिल्या दिवशी धावत जाण्यात अर्थ नाही, बरेचदा स्वस्त कप्पे तेव्हा उघडलेलेच नसतात.

तुम्ही कसं ठरवता? किस्से कमी आणि तपशील जास्त लिहिलात तर पुढच्यांना उपयोग होईल.

मधली_सीट

कप्प्यांचाच पुढचा मुद्दा. चार जणांचं एकदम शोधलं आणि खालच्या कप्प्यात तीनच जागा उरल्या असतील, तर बहुतेक यंत्रणा चौघांनाही वरच्या कप्प्याचा भाव लावते. म्हणून आधी १ प्रवासी टाकून बघा, मग २, ३, ४. दरडोई आकडा जिथे उडी मारेल तिथे कप्पा संपला. मग तीन आणि एक अशी दोन बुकिंगं करा आणि कंपनीला फोन करून एकमेकांची नोंद टाकायला सांगा. नाहीतर विमान रद्द झालं की तिघं एका विमानात आणि चौथा दुसऱ्या दिवशी. मुलं असतील तर हा उद्योग नको, किंवा निदान प्रत्येक बुकिंगमध्ये एक मोठं माणूस हवं.

एका बुकिंगात जास्तीत जास्त ९ जण. १० पासून गट धरतात, त्याचे भाव आणि नियम वेगळे. गटाचा भाव स्वस्तच असेल असं मुळीच समजू नका.

उशिरालतीफ

मंगळवारी मध्यरात्री, इनकॉग्निटो उघडून, कुकीज पुसून शोधायचं असं ऐकलंय. खरं का??

कार्बनप्रत

@उशिरालतीफ, मंगळवारी *काढलेलं* तिकीट स्वस्त ही जुनी समजूत. मंगळवारी-बुधवारी *उडणारं* विमान बरेचदा स्वस्त असतं, कारण शुक्रवार-रविवारची गर्दी त्या दिवशी नसते. दोन्हींची गल्लत झालीय. इनकॉग्निटोने काही बिघडत नाही, काही साधतही नाही. तुम्ही परत बघितलंत आणि भाव वाढला, तर मधल्या वेळात कप्पा संपला असतो किंवा पहिला आकडा साठवलेला शिळा होता.

उशिरालतीफ

म्हणजे इतकी वर्षं झोपमोड फुकट :(

नकाशेवाली

शोधायची पद्धत लिहिते, फोनवरून आहे, टायपो सांभाळून घ्या.

१) गूगल फ्लाइट्स उघडून आधी तारखांची चौकट बघा, आडवी जायची तारीख, उभी परतीची. तारीख पक्की करण्याआधी हे करायचं, नंतर नाही. एक दिवस अलीकडे-पलीकडे सरकवल्यावर किती फरक पडतो ते एका नजरेत कळतं.
२) मग भावाचा आलेख बघा, पुढच्या काही महिन्यांचा. कोणते आठवडे उंच आहेत ते लगेच दिसतं.
३) दोन-तीन तारखांच्या जोड्यांवर भावाची सूचना लावा. ईमेल येत राहतात. रोज उघडून बघू नका.
४) घ्यायच्या क्षणी कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जाऊन तोच प्रवास, तोच कप्पा, *सामानासकट* जुळवा.

चौथी पायरी लोक गाळतात. युरोप-अमेरिकेच्या लांब पल्ल्यावरही आता हातातल्या बॅगेपुरतं भाडं असतं. त्यात २३ किलोची बॅग नंतर घ्यायला गेलं की वरचं भाडं स्वस्त होतं असं कळतं.

शेजारचा विमानतळ पण टाकून बघा. आणि जायचं एका शहरात, परतायचं दुसऱ्यातून असं 'मल्टी सिटी'त टाका. दोन एकेरी तिकिटांपेक्षा ते बरेचदा खूप कमी पडतं, कारण मोठ्या कंपन्यांचं एकेरी भाडं परतीच्या निम्म्याहून जास्त असतं.

मशीन थांबलंय वाटतं, कपडे वाळत घालून येते.

२३_किलो

बॅगेचा विषय निघालाच आहे तर: २३ किलो वजन झालं, पण लांबी+रुंदी+उंची मिळून १५८ सेंमी हेही बघतात, चाकं आणि मूठ धरून. दुकानात 'लार्ज' लिहिलेल्या काही बॅगा चाकांसकट याच्या वर जातात. टेप लावा.

खिडकीच_हवी

अवांतर सुरू झालंच :) बॅगांचा धागा वेगळा काढा हो कुणीतरी.

टिकटिक

व्हिसा आधी की तिकीट आधी, हे कुणी लिहिलंच नाही. भाव-बिव नंतर.

शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करायचा. निर्णयाला साधारण १५ दिवस, प्रकरण अडलं तर ४५ पर्यंत. अपॉइंटमेंट मिळायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही, आणि उन्हाळ्यात खरी रखडपट्टी तिथेच. अर्जाला प्रवासाचं आरक्षण दाखवावं लागतं, पैसे भरलेलं तिकीट असलंच पाहिजे असं नाही.

तेव्हा माझा क्रम: आरक्षण धरून ठेवायचं (काही कंपन्या थोड्या पैशांत भाव ४८-७२ तास धरतात), किंवा परतावा मिळेल असं भाडं घ्यायचं, किंवा बदलाचा दंड किती ते वाचून साधं घ्यायचं. तिसरा पर्याय निवडलात तर 'रद्द केल्यास' आणि 'हजर न राहिल्यास' हे दोन वेगळे आकडे असतात. दुसरा फार मोठा. व्हिसा नाकारला तर विमान सुटायच्या *आधी* रद्द करा, हजर न राहून बघू म्हणाल तर सगळंच बुडेल. परतावा नसलेल्या तिकिटावरही विमानतळाचे काही कर बहुधा परत मिळतात, ते मागितल्याशिवाय क्वचितच देतात.

मधली_सीट

+१. आणि मधल्या थांब्याचा व्हिसा! अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा किंवा ईएस्टा (ठरावीक देशांच्या पासपोर्टधारकांना व्हिसाऐवजी मिळणारी ऑनलाइन परवानगी) लागतो. स्वस्त तिकीट तिथून जात असेल तर तो खर्च आणि वेळ भावात धरा. काही देशांत विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा लागतो, पासपोर्टवर अवलंबून.

सहा_अक्षरं

'बुकिंग झालं' आणि 'तिकीट निघालं' यात फरक आहे, त्यात भलेभले फसतात. सहा अक्षर-अंकांचा पीएनआर म्हणजे जागेची नोंद. तिकीट म्हणजे १३ अंकी क्रमांक, त्यातले पहिले तीन कंपनीचे (एमिरेट्स १७६, कतार १५७, लुफ्तान्सा २२०). तो क्रमांक नसेल तर तुमच्याकडे तिकीट नाही. पीएनआर मुदत संपली की आपोआप गळून पडतो.

पैसे कापले गेले पण तिकीट आलं नाही, अशा वेळी घाबरून लगेच दुसरं काढू नका. एकाच नावाची एकाच विमानावर दोन बुकिंगं दिसली की कंपनीची यंत्रणा एक उडवते, आणि ते कोणतं हे तुमच्या हातात नसतं. आधी पीएनआर कंपनीच्या साइटवर टाका, १३ अंक आलेत का बघा, नसतील तर फोन.

उशिरालतीफ

मग काढल्यावर भाव उतरला तर? 

सहा_अक्षरं

तर बघायचं नाही. हा आजार आहे.

गंमत सोडा. बदलाचा दंड नसलेलं भाडं असेल तर काही कंपन्या त्याच विमानावर नव्या भावाने तिकीट बदलून फरकाचं क्रेडिट देतात, अटी वाचा. आणि अमेरिकेला जाणारं-येणारं तिकीट थेट कंपनीकडून, निघण्याच्या निदान ७ दिवस आधी काढलं असेल, तर तिथल्या नियमाप्रमाणे २४ तासांत दंडाशिवाय रद्द करता येतं किंवा तेवढा वेळ भाव धरून ठेवता येतो. दोन्हींपैकी एक देणं बंधनकारक. एजंटाच्या साइटला तो नियम लागू नाही.

नकाशेवाली

आले परत. एजंटाच्या साइटचं निघालंच म्हणून. तिथे थोडं स्वस्त दिसतं हे मान्य. पण वेळ बदलली, विमान रद्द झालं की कंपनी म्हणते एजंटाला विचारा, एजंट म्हणतो कंपनीकडून उत्तर आलं नाही. वर रद्द करायचं त्याचं शुल्क वेगळं. फरक किरकोळ असेल तर थेटच घ्या.

आणि 'सेल्फ ट्रान्सफर' असं बारीक लिहिलेलं असेल तर ती दोन वेगळी तिकिटं आहेत. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही, पैसेही देत नाही. सामान बाहेर काढून पुन्हा द्यावं लागतं, म्हणजे त्या देशात शिरावं लागतं, म्हणजे परत व्हिसा. लंडनला हीथ्रोवर उतरून गॅटविकहून पुढे, टोकियोला नारिता ते हानेदा, असली जोडी पण असते. विमानतळाची तीन अक्षरं दोन्हीकडे तीच आहेत ना, एवढं बघा.

खिडकीच_हवी

फार लवकर काढणाऱ्यांसाठी. विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. त्या पलीकडचं तिकीट दहा महिने आधी काढलं असेल तर वेळ थोडीफार सरकणार असं धरूनच चाला. पाच-दहा मिनिटं सरकली तर काही नाही. पण दोन विमानांमधला वेळ ९० मिनिटांवरून ५० वर आला तर 'मान्य' बटण दाबू नका!! आधी फोन करून दुसरी जोडणी किंवा परतावा मागा. एकदा मान्य केलं की फुकट बदलायचा तुमचा हक्क बहुधा संपतो.

या भानगडीमुळे मी लवकर काढण्याच्या फारशी बाजूने नाही. अपवाद गर्दीचा हंगाम, आणि पॉइंट्सवरची (पैशांऐवजी जमवलेले पॉइंट्स देऊन काढलेली) तिकिटं. पॉइंट्सच्या जागा एक तर विक्री उघडल्यावर मिळतात किंवा अगदी शेवटच्या दोनेक आठवड्यांत. मधल्या काळात खडखडाट.

पाळणाघर

बाळ असेल तर? परतीपर्यंत २ वर्षं पूर्ण होतायत.

टिकटिक

@पाळणाघर ताई, मग परतीला स्वतंत्र आसन आणि मुलाचं भाडं लागेल. दोन वर्षांखालच्या, मांडीवरच्या बाळाला आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या १०% लावतात. वय प्रत्येक विमानाच्या दिवशी मोजतात, तिकीट काढलं त्या दिवशी नाही. साइटवर जन्मतारीख टाकल्यावर गडबडते, थेट कंपनीला फोन बरा. भिंतीवरचा पाळणाही तेव्हाच मागून घ्या, विमानात मोजकेच असतात. वजनाची मर्यादा विचारा.

पाळणाघर

धन्यवाद! म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी परतलेलं बरं :)

२३_किलो

पासपोर्टवर जे आडनाव-नाव आहे तेच, त्याच क्रमाने. खाली यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यातलं स्पेलिंग उतरवा. पासपोर्ट नूतनीकरणाला गेला असेल तर तिकीट अडत नाही, क्रमांक नंतर बदलता येतो. नाव बदलणं मात्र महाकठीण. मुदत परतीच्या तारखेनंतर ६ महिने असू द्या, बरेच देश तेवढी मागतात.

मधली_सीट

आणि जायचं विमान सोडून नुसतं परतीचं वापरू, असं डोक्यात आणू नका. पहिला टप्पा चुकवला की पुढचे सगळे आपोआप रद्द होतात.

उशिरालतीफ

इतकं वाचून शेवटी काढलं एकदाचं. १३ अंक आले, नाव जुळलं, सेल्फ ट्रान्सफर नाही. १५ तारखेचं, रात्री ००:३५ चं. म्हणजे १५ ला रात्री जेवून निघायचं.

कार्बनप्रत

अहो लतीफशेठ, ००:३५ म्हणजे १४ ची रात्र उलटल्यावर! १४ ला रात्री नऊ-साडेनऊला विमानतळावर. १५ ला रात्री गेलात तर विमान जाऊन जवळजवळ दिवस झालेला असेल.

उशिरालतीफ

बाप रे. सुट्टीचा अर्ज १५ पासून टाकलाय.

खिडकीच_हवी

चालेल की, १४ ला ऑफिस करून निघा. तिकडच्या हॉटेलची तारीख बघितलीत का? पोचायच्या वेळेपुढे +१ (म्हणजे दुसऱ्या दिवशी पोचणार) आहे की नाही?

उशिरालतीफ

थांबा, लॅपटॉप उघडतो.