चिविता दी बान्योरेजो: हे गाव रिकामे नेमके कशामुळे झाले?

प्रश्न
इटलीत रोमच्या उत्तरेस, वितेर्बो जिल्ह्यात, एका सुट्या टेकडीच्या माथ्यावर चिविता दी बान्योरेजो हे गाव वसलेले असून तेथे पादचारी पुलावरूनच जाता येते. टेकडी ढासळत असल्याने लोक निघून गेले, असे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. परंतु टेकडी इतकी कच्ची असेल, तर अडीच हजार वर्षांपूर्वी एट्रुस्कनांनी (रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदणाऱ्या लोकांनी) तीच जागा का निवडली असावी?

प्रतिसाद १
टेकडी सगळीच कच्ची नाही, मेख तिथेच आहे. माथ्यावरचा टफ हा खडक बोल्सेना सरोवराच्या परिसरातील जुन्या ज्वालामुखींच्या राखेपासून बनलेला आहे. तो घरे पेलण्याइतका टणक आणि तळघरे, थडगी, भुयारे कोरता येतील इतका मऊ असतो. त्याखाली मात्र प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेली चिकणमाती आहे. पाऊस आणि दोन्ही अंगांचे ओढे ही माती कुरतडत नेतात, वरच्या खडकाचा आधार सुटतो आणि उभ्या भेगांच्या रेषेत कड्याचे तुकडे दरीत कोसळतात. वस्ती करणाऱ्यांच्या नजरेत भरला असेल तो माथा आणि शत्रूला अवघड असे कडे. जवळच्या ओर्व्हिएतो शहराचीही जागा अशीच आहे.

प्रतिसाद २
भूरचनेबद्दल सहमत आहे, पण सारा दोष धुपीला देणे मला पटत नाही. १६९५ च्या भूकंपानंतर बिशपचे पीठ आणि नगराचा कारभार, दोन्ही शेजारच्या बान्योरेजोत हलवले गेले, आणि गावात राहण्याचे कारणच उरले नाही. चौकातील सान दोनातो हे एकेकाळचे कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, आज गावाच्या मानाने फारच मोठे वाटते, ते यामुळेच. तेराव्या शतकातील फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिस यांच्या पंथातील) तत्त्वज्ञ संत बोनाव्हेंतुरा यांचे हे जन्मगाव. त्यांचे घर जिथे होते, ती जागाच कड्यासकट दरीत गेली आहे.

प्रश्नकर्ता
मग आज तेथे कोणी राहते का?

प्रतिसाद ३
बारमाही राहणारे अगदी मोजके आहेत. पाहुणे मात्र लाखांनी येतात. सध्याचा पूल १९६५ सालचा आहे. २०१३ पासून पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते. सुरुवातीला ते दीड युरो होते. त्यामुळे ‘पर्यटनाने गाव वाचवले’ असे म्हटले जाते, ते मला अर्धवट वाटते. त्या पैशातून घरांची डागडुजी होईल आणि कडाही सळयांनी जखडता येईल, पण खालची चिकणमाती पावसागणिक झिजतच राहणार.