चर्चा: वेगवान बोलिंग टाकणाऱ्या मुलांच्या हातात वर्षातून दोनदा चार-चार आठवडे बॉल देऊच नये का?

लाँगलेग (धागाकर्ता)

मुंबई-ठाण्याकडच्या तेरा-चौदा वर्षांच्या वेगवान बोलरचं वर्ष कसं जातं ते आधी मांडतो. एप्रिल-मे उन्हाळी शिबिर, सकाळ-संध्याकाळ. जूनमध्ये मैदानं भिजली की कृत्रिम गवताचं टर्फ आणि इनडोअर नेट, म्हणजे जाळीतला सराव. क्लबात थोडा पुढे गेलेला असेल तर पावसातली कांगा लीग, १९४८ पासून चालत आलेली. पाऊस ओसरला की निवड चाचण्या. मग शाळांच्या स्पर्धा, १४ वर्षांखालची गाइल्स शील्ड आणि १६ वर्षांखालची हॅरिस शील्ड. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, आणि शेवटचा पेपर देऊन आला की पुन्हा शिबिराची फी.

यात मोकळा महिना कुठे आहे? मला सापडत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. १६ वर्षांखालच्या वेगवान बोलरची बोलिंग वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी सलग चार आठवडे, पूर्ण बंद ठेवावी. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सांगते की आठवड्यातून निदान एक दिवस सुट्टी आणि आपल्या मुख्य खेळापासून वर्षाला दोन ते तीन महिने लांब राहावं, हवं तर एकेक महिना तोडून. मी त्यातलं कमीत कमी मागतोय.

कारण पाठ. पुढचा पाय आपटतो त्या क्षणी कंबर एकाच वेळी मागे वाकते, बाजूला झुकते आणि वळते. हा सगळा भार कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांमागच्या हाडाच्या अरुंद पट्टीवर येतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याची बहुतेक वेळा डावी बाजू जाते. या वयात ते हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. रोज थोडी झीज होते, विश्रांतीत ती भरून निघते. भरायला वेळच दिला नाही की आधी हाडाला आतून सूज, मग चीर. चीर पडली की चार आठवड्यांवर भागत नाही, तीन-चार महिने तर सहज जातात, कधी जास्तही.

आणि परीक्षेचा महिना विश्रांती म्हणून मोजू नका. त्या महिन्यात शरीर बसून असतं, पण डोक्यावरचा ताण वर्षातला सगळ्यात मोठा असतो.

मिडऑफ_पुणे

लाँगलेग, दुखण्याचं कारण बरोबर सांगितलंत, पण औषध चुकीचं आहे.

हाडाला भाराची सवय लागते. ती सवय चार आठवड्यांत उतरायला लागते. मग चाचणी जाहीर होते आणि मुलगा शून्यावरून थेट दिवसाला दहा ओव्हरवर जातो. वेगवान बोलरच्या दुखापतींचा अभ्यास करणाऱ्यांनी हेच दाखवलंय, की मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीच्या मानाने एखाद्या आठवड्यात भार एकदम वाढला की पुढच्या दिवसांत दुखापतीचा धोका वाढतो. म्हणजे तुमची सुट्टीच मुलाला त्या उडीकडे ढकलते.

माझा पर्याय: बारा महिने बोलिंग, पण मोजून. इंग्लंडच्या बोर्डाची मुलांसाठीची मर्यादा अनेक वर्षं अशी राहिली आहे: १३ वर्षांपर्यंत एका स्पेलला, म्हणजे बोलिंगच्या एका सलग टप्प्याला, ५ ओव्हर आणि दिवसाला १०, १४-१५ वर्षांना ६ आणि १२, १६-१७ वर्षांना ७ आणि १८. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही, सात दिवसांत चार दिवसांपेक्षा जास्त नाही. एवढं पाळलं तरी आपल्याकडच्या निम्म्या पाठी वाचतील असं मला वाटतं. मुलाला घरी बसवायची गरज नाही.

स्कोअरबुक

मिडऑफ, मर्यादा मान्य. पण ती मोजणार कोण? सामन्यातल्या ओव्हर स्कोअरबुकात असतात. नेटमधल्या कुठेच नसतात, आणि खरा भार तिथे पडतो.

हिशोब करून बघा. एका नेटवर चार बोलर, साधारण २२-२३ सेकंदांना एक बॉल. तासाला १६० बॉल झाले. प्रत्येकाच्या वाट्याला ४०. दोन तासांच्या सरावात ८०, म्हणजे १३ ओव्हर. चौदा वर्षांच्या मुलाची दिवसाची मर्यादा सामना न खेळताच ओलांडली. त्यात एक बोलर आला नाही की उरलेल्या तिघांना शंभरच्या वर पडतात. बॅटिंगची पाळी मोजून दहा मिनिटांची असते, बोलिंगला 'सगळ्यांची बॅटिंग होईपर्यंत' एवढंच माप.

पुढे ऐका. मुलगा एक, कोच चार: शाळेचे सर, क्लबचे सर, वैयक्तिक कोच, शनिवार-रविवारच्या टर्फ टूर्नामेंटचा कॅप्टन. चौघांनाही वाटतं की आपण माफकच टाकायला लावतो. बेरीज कुणीच करत नाही.

आपल्या डोळ्यांना बोलर दिसतच नाहीत, हेही एकदा कबूल करू. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला शाळांच्या सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या, त्याच्या संघाने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. जगभर बातमी गेली. समोरच्या मुलांनी किती ओव्हर टाकल्या, दुसऱ्या दिवशी कशी उठली असतील, हे किती जणांनी विचारलं?

उपाय साधा आहे. शंभर पानी वही, घरात ठेवायची, चार रकाने: तारीख, पूर्ण जोर लावून टाकलेले बॉल, झोपेचे तास, पाठदुखी शून्य ते दहा. बॉल मोजायचे, ओव्हर नाही, कारण नेटमध्ये ओव्हर नसतेच. रविवारी बेरीज करायची आणि ती चारही कोचना पाठवायची.

पीटीचा_तास

वही चांगली आहे, पण या धाग्यावर कुणाच्या मुलांबद्दल बोलणं चाललंय ते आधी ठरवा.

दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, तिथल्या मुलाला मैदान म्हणजे श्वास. त्याला 'चार आठवडे विश्रांती घे' म्हटलं तर तो कुठे बसणार? हातात मोबाईल येईल, नाहीतर नाक्यावरची संगत. ज्यांच्याकडे सोसायटीत स्विमिंग पूल आहे त्यांना 'दुसरा खेळ खेळा' हे सोपं पडतं.

शिवाय ही मुलं नुसत्या हौसेपायी खेळत नाहीत. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ज्या घरात दुसरा दरवाजा नाही तिथे हा दरवाजा फार मोठा असतो. शिबिरात निवडणाऱ्यांची नजर असते. जो मे महिन्यात दिसला नाही तो सप्टेंबरच्या यादीत येत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी थांबायचं ठरवलं तरच विश्रांती न्याय्य. एकट्यादुकट्याने घेतली तर ती त्याला शिक्षा ठरते. म्हणून आईबापांना दोष देऊ नका, स्पर्धांचं वेळापत्रक आखणाऱ्यांना जाब विचारा.

लाँगलेग

पीटीसर, तुमचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. सुट्टी संघटनेने जाहीर करायला हवी.

पण 'बोलिंग बंद' म्हणजे 'मैदान बंद' नव्हे, हे मी धाग्यात नीट लिहायला हवं होतं. त्या चार आठवड्यांत तोच मुलगा त्याच मैदानावर फुटबॉल खेळेल, खो-खो खेळेल, टेनिस बॉलने गल्लीत बॅटिंग करेल. अट एकच, कोच नको आणि कुणी मोजणारं नको. मुलांच्या दुखापतींवरच्या एका मोठ्या अभ्यासात दोन गोष्टी ठळक दिसल्या: आठवड्यातले शिस्तीतल्या खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त झाले, किंवा शिस्तीतला खेळ मोकळ्या खेळाच्या दुपटीपेक्षा वर गेला, की दुखापती वाढतात. तेरा वर्षांच्या मुलाला आठवड्याला तेरा तास. आपल्या शिबिरात सकाळचे तीन आणि संध्याकाळचे दोन धरले तर तेरा तास तिसऱ्याच दिवशी संपतात.

उशीखालचा_गजर

पाठीबद्दल बरंच झालं, आता झोपेबद्दल कुणीतरी बोला.

कल्याणहून आझाद मैदानावर साडेसहाच्या नेटला पोचायचं तर जलद लोकलचा तास, दोन्हीकडचं चालणं, आवरणं. पावणेपाचला उठावंच लागतं. दुपारची शाळा, संध्याकाळी क्लास, जेवण, गृहपाठ. अंथरुणाला पाठ टेकायला साडेदहा-अकरा. झोप झाली सहा तास, तीही चांगल्या दिवशी. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास लागतात. रोज दोन तासांची उणीव म्हणजे आठवड्याला चौदा तास, जवळजवळ दोन रात्रींची झोप. रविवारी भरून काढू म्हणाल तर रविवारी सामना.

मन थकल्याची लक्षणं बहुतेक वेळा आळस म्हणून खपवली जातात. किट बॅग आल्यावर न उघडता तशीच पडून, ओले मोजे दुसऱ्या दिवशीही आतच. नेटच्या आधी पोटात दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही. बाद झाल्यावर राग येत नाही, काहीच वाटत नाही. माझ्या मते सगळ्यात खरी खूण वेगळीच: पावसाने सामना रद्द झाल्याचा मेसेज आला की चेहऱ्याकडे बघा. एखाद्या वेळी सुटका वाटली तर ठीक, कुणालाही वाटते. सलग तीन आठवडे सुटकाच दिसत असेल तर ते ऐकायला हवं. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजण्याची सवयही चांगली. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त, आणि तसं चार-पाच दिवस सलग, तर शरीर सावरलेलं नाही.

आईबाबांसाठी एकच मागणं. सामन्यानंतर घरी येताना मुलगा स्वतःहून विषय काढेपर्यंत सामन्याबद्दल बोलू नका. 'भूक लागली का?' एवढं विचारलंत तरी पुरे. आणि मूल जगण्यातच रस नसल्यासारखं बोलत असेल तर कोचची वाट बघू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

बटरफ्लाय२००

एक वेगळा सूर. 'सर्व खेळांना चार आठवडे' असा नियम कृपया कुणी करू नका. पोहण्यात पाण्यावरची पकड फार लवकर जाते. महिनाभर पाण्याबाहेर राहिलेल्या मुलाला पुन्हा जुन्या वेळेवर यायला दोन-अडीच महिने लागू शकतात. तिथे दहा-बारा दिवसांच्या दोन-तीन सुट्ट्या बऱ्या. आमच्याकडे खांदा दुखतो, पण त्याचं कारण बहुतेकदा हातात पॅडल (पाणी जोरात ढकलायच्या तळहातावरच्या पट्ट्या) घालून केलेली जादा अंतरं. तेवढी कमी करता येतात.

संत्रानगरी

आणि महिना कुठला, तेही मुंबईवरून ठरवू नका. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि तरीही शिबिरं मेमध्येच, कारण शाळेला सुट्टी. सकाळी आठनंतर मैदानावर थांबणं धोक्याचं असतं. विदर्भात विश्रांती मेमध्ये आणि मुंबई-कोकणात जून-जुलैत, इतकं साधं आहे हे.

मिडऑफ_पुणे

सगळं वाचलं. नेटचा हिशोब माझ्याकडून सुटला होता, स्कोअरबुक यांचे आभार. तरी माझी मूळ हरकत कायम आहे: परत कसं यायचं हे लिहिल्याशिवाय सुट्टी देऊ नका. ऑस्ट्रेलियाचा वेगवान बोलर पॅट कमिन्सचं उदाहरण बघा. नोव्हेंबर २०११ मध्ये १८व्या वर्षी पहिली कसोटी, आणि पाठीच्या व इतर दुखापतींमुळे दुसरी थेट मार्च २०१७ मध्ये रांचीला. त्याच्याभोवती फिजिओ, डॉक्टर, स्कॅन सगळं होतं. आपल्या मुलाभोवती एक वही असणार.

तेव्हा चार आठवड्यांच्या सुट्टीनंतर चौदा वर्षांच्या मुलासाठी मी असं सुचवेन. पहिला आठवडा: तीन दिवस, दिवसाआड, २४ बॉल, अर्ध्या रनअपने, साठ टक्के जोरात. दुसरा: तीन दिवस, ३० बॉल, पूर्ण रनअप, पाऊण जोर. तिसरा: तीन दिवस, ३६ बॉल, त्यातले शेवटचे १२ पूर्ण जोरात. चौथा: तीन दिवस, ४२ बॉल, निम्मे पूर्ण जोरात. पाचव्या आठवड्यात एक सराव सामना, चार-चार ओव्हरचे दोन स्पेल. सहाव्यानंतर चाचणी. आजारपणामुळे मधला आठवडा बुडाला तर पुढच्यावर उडी मारायची नाही, मागच्यापासून धरायचं.

दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करा. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरहून जास्त वाढला असेल तर तो झपाट्याने वाढतोय. त्या काळात बॉल एक-तृतीयांशाने कमी करा, तक्रार नसली तरी. लय बिघडेल, वेग उतरेल. कोचने त्यावरून ओरडू नये. हातपाय लांबलेत, शरीर त्यांची नवी मापं शिकतंय.

आणि कमरेत एकाच बाजूला दुखत असेल, एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर ते वाढत असेल, तर त्याच दिवशी बोलिंग थांबवा. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून परत पाठवू नका, सुरुवातीचा हाडावरचा ताण एक्स-रेत बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो.

लाँगलेग

हा सहा आठवड्यांचा तक्ता मूळ धाग्यात जोडतो. मग आपल्यात फरक फार उरत नाही. मुंबईसाठी १५ जून ते १५ जुलै बोलिंग बंद, ऑगस्ट संपेपर्यंत टप्प्याटप्प्याने वर, चाचण्या सप्टेंबरच्या आत नकोत. दुसरी सुट्टी हंगाम संपल्यावर आणि परीक्षेच्या आधी. चालेल?

मिडऑफ_पुणे

जून-जुलैला माझी हरकत नाही. दुसऱ्या सुट्टीला आहे, ती दोन आठवड्यांची करा.

पीटीचा_तास

चाचण्या सप्टेंबरच्या आत नकोत, हे तुम्ही दोघं इथे मान्य करून काय उपयोग? ते वेळापत्रक लिहिणाऱ्यांकडे न्यायला हवं. पुढच्या शनिवारपर्यंत अर्जाचा मसुदा इथेच टाकतो. स्कोअरबुक, तुमचा ८० बॉलचा हिशोब त्यात पहिल्या परिच्छेदात घेतो.