मदत हवी आहे: जीमेलमध्ये कालपासून कचऱ्याचा पूर, अनसबस्क्राइब करून बोटं दुखली

वैतागलेला_बंड्या, रात्री ९:१२
काल संध्याकाळपासून जीमेलमध्ये नुसता कचरा येतोय. हजारभर तरी झाल्या असतील. अनसबस्क्राइब करतोय तर संपत नाहीत, ब्लॉक केलं की दुसऱ्याच पत्त्यावरून येतात. एका झटक्यात बंद करायचा उपाय सांगा. उद्या कामाची एक मेल यायची आहे, ती यात सापडायची नाही. "पत्ता कुठे कुठे दिला होता" हे कृपया विचारू नका, सगळीकडेच दिलाय.

तांबडी_माती, ९:२०
मोबाइलचं अ‍ॅप की ब्राउझर? आणि कचरा म्हणजे नक्की कोणता? दुकानांच्या जाहिराती, कर्जवाले की लॉटरीवाले? तिघांचं औषध वेगळं आहे.

कोरा_कागद, ९:२४
फिल्टर लावा आणि विसरा. 'हॅज द वर्ड्स'च्या चौकटीत अनसबस्क्राइब हा शब्द टाका (रोमनमध्ये), पुढच्या पानावर 'स्किप द इनबॉक्स' आणि एक लेबल. जाहिरातीच्या मेलच्या तळाशी हा शब्द बहुतेक असतोच.

तांबडी_माती, ९:२७
बऱ्याचदा बँकेच्या आणि तिकिटांच्या मेलच्या तळाशीही असतो. तेव्हा लेबल ठीक, पण 'डिलीट इट'वर चुकूनही खूण करू नका.

रानजाई, ९:३१
मुळावरच घाव घाला. प्रत्येक दुकानाला वेगळा पत्ता द्यायचा: तुमचं नाव, मग प्लसचं चिन्ह, मग दुकानाचं नाव, पुढे नेहमीचं अ‍ॅट जीमेल. सगळ्या मेल एकाच इनबॉक्सात येतात आणि पत्ता कोणी विकला ते लगेच कळतं.

कोरा_कागद, ९:३४
कित्येक फॉर्म प्लस घेतच नाहीत. आणि याद्या विकणारे प्लसपासून पुढचा भाग छाटूनच टाकतात, एका ओळीचं काम आहे ते. त्यापेक्षा फायरफॉक्स रिले घ्या, फुकटात पाच मुखवटे (खऱ्या पत्त्याकडे मेल वळवणारे खोटे पत्ते) मिळतात. एखादा नासला की तेवढाच बंद करायचा.

तांबडी_माती, ९:३६
त्यांच्या घरात पाणी शिरलंय आणि तुम्ही दोघं पुढच्या पावसाळ्याच्या छत्र्या विकताय.

सेवानिवृत्त_६२, ९:४०
ट्रायच्या १९०९ वर डीएनडी नोंदवावे. काही दिवसांत सर्व बंद होते.

निळाशार, ९:४३
काका, ते कॉल आणि एसएमएससाठी, ईमेलला लागू नाही. त्रासदायक ईमेलचा उल्लेख आयटी कायद्याच्या कलम ६६अ मध्ये होता, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं.

सेवानिवृत्त_६२, ९:४६
६६अ तर फेसबुकवरील पोस्टसाठी होते ना?

निळाशार, ९:४८
त्यातलं (क) वाचा. असो, अवांतर झालं.

एकच_प्याला_चहा, ९:५०
अनसबस्क्राइब कधीच दाबायचं नसतं! दाबलं की पत्ता जिवंत आहे हे त्यांना कळतं आणि दुप्पट येतात.

कोरा_कागद, ९:५५
अर्धंच खरं. भुरट्यांच्या मेलमधल्या लिंकला हात लावू नये, बरोबर. पण फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल पत्त्यांवर दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांसाठी गूगलचे नियम आहेत: जाहिरातीच्या मेलला एका टिचकीचं अनसबस्क्राइब हवं आणि विनंती दोन दिवसांत पाळायला हवी. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः जे बटण दाखवतं, ते वापरा. मेलच्या पोटातली लिंक नको.

एकच_प्याला_चहा, ९:५७
नियम आहेत आणि पाळतात, यात फरक आहे.

वैतागलेला_बंड्या, १०:०२
अहो, माझं काय? मोबाइलवर आहे, अ‍ॅपमध्ये फिल्टर दिसतच नाही. आत्ता सहाशे एकदम उडवल्या, तोवर नव्वद नव्या आल्या.

पाटाखालचं_मांजर, १०:०४
बंड्याभाऊ, डिलीट करणं ताबडतोब थांबवा. ट्रॅश रिकामा केला नाहीत ना? शेवटच्या पाचसहा मेलचे विषय जसेच्या तसे इथे द्या.

वैतागलेला_बंड्या, १०:०९
ट्रॅश तसाच आहे. विषय: "कन्फर्म युअर सबस्क्रिप्शन", "वेलकम टू अवर न्यूजलेटर", "बिट्टे बेश्टेटिगन" असलं काहीतरी जर्मन, एक फ्रेंच, एक कुत्र्यांच्या खाद्याच्या दुकानाचं. मी यातलं काहीही मागवलेलं नाही.

पाटाखालचं_मांजर, १०:२१
वाटलंच. हा नेहमीचा स्पॅम नाही. याला ईमेल बॉम्बिंग म्हणतात. तुमचा पत्ता एका बॉटला देऊन जगभरच्या शेकडो साइटांच्या न्यूजलेटर फॉर्मांत भरलाय. त्या साइटा खऱ्याच असतात, म्हणून मेल स्पॅममध्ये न जाता सरळ इनबॉक्सात येतात आणि एकेकाला ब्लॉक करून काही होत नाही.

हे बहुतेक वेळा एक मेल लपवायला करतात: पासवर्ड बदलला, ऑर्डर झाली, पैसे गेले, यातली कुठलीतरी. ती तुम्ही उडवलेल्या सहाशेंत असू शकते. या क्रमाने करा, लॅपटॉपच्या ब्राउझरवर (अ‍ॅपमध्ये फिल्टर करता येत नाही):

१. सर्चच्या पट्टीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबा. सगळ्यात खाली 'सर्च'पुढे 'ऑल मेल' असतं, ते बदलून 'मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश' करा. तारीख कालची. मग ऑर्डर, पासवर्ड, ओटीपी, डेबिटेड, डिलिव्हरी हे शब्द एकेक करून शोधा, रोमनमध्ये. ट्रॅशमध्ये मेल ३० दिवस राहते.

२. मेलची वाट न बघता बँकेचं अ‍ॅप आणि शॉपिंगची खाती स्वतः उघडून पाहा. ऑर्डरींची यादी, लपवलेल्या ऑर्डरी, नव्याने जोडलेला डिलिव्हरीचा पत्ता.

३. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अ‍ॅड्रेसेस' आणि 'फॉरवर्डिंग' बघा. तुम्ही न केलेला फिल्टर दिसला तर कोणीतरी खात्याच्या आत आहे. इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे बारीक अक्षरांत 'डिटेल्स' असतं, तिथे कुठून लॉगिन झालंय तेही दिसतं.

एकच_प्याला_चहा, १०:२५
उगाच घाबरवू नका. ओटीपीचा एसएमएस आला नाही म्हणजे पैसे गेले नाहीत.

पाटाखालचं_मांजर, १०:२८
परदेशी साइटांवर कार्ड बरेचदा ओटीपीशिवाय चालतं. आणि दुकानाच्या खात्यातली गिफ्ट कार्डाची शिल्लक किंवा पॉइंट वापरले तर बँकेचा संबंधच नाही, एसएमएस पाठवणार कोण?

वैतागलेला_बंड्या, १०:४१
सापडली. ट्रॅशमध्येच होती. एका शॉपिंग साइटची काल संध्याकाळी ६:५० ची ऑर्डर, हेडफोन, पत्ता भलत्याच शहरातला. गिफ्ट कार्डाचे ६,५०० रुपये शिल्लक होते, ते शून्य. पहिली जर्मन मेल ६:४४ ची आहे. फिल्टर, फॉरवर्डिंग काही नाही. आता?

पाटाखालचं_मांजर, १०:४७
माल निघाला नसेल तर आधी ऑर्डर रद्द करा, शिल्लक परत जमा व्हायला हवी. मग त्या साइटचा पासवर्ड बदला, 'सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट' करा, साठवलेली कार्डं काढा, नवा पत्ता खोडा. पैसे परत आले नाहीत तर १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, त्या मेलच्या स्क्रीनशॉटसकट. तोच पासवर्ड जीमेललाही असेल तर तो आज रात्रीच बदला आणि टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) चालू करा.

तांबडी_माती, १०:५२
पुरासाठी तात्पुरता फिल्टर: विषयात कन्फर्म, सबस्क्रिप्शन, न्यूजलेटर, वेलकम, मधे 'ऑर' कॅपिटल अक्षरांत. 'डझन्ट हॅव'मध्ये ओटीपी आणि तुमच्या बँकेचं नाव. इनबॉक्स टाळून लेबलखाली टाका. कन्फर्मवाल्या मेलना काहीच करू नका, लिंक दाबली नाही की त्या यादीत तुमचं नाव चढत नाही. उद्याच्या कामाच्या मेलसाठी त्या पत्त्याला वेगळा फिल्टर, 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'. आठवड्याने सगळं नीट चालतंय असं वाटलं की पहिला फिल्टर काढून टाका, नाहीतर एखाद्या खऱ्या 'वेलकम'ला मुकाल.

वैतागलेला_बंड्या, ११:१५
ऑर्डर रद्द झाली, शिल्लक "प्रक्रियेत" आहे. पासवर्ड तोच होता, दोन्हीकडे. बदलला.

रानजाई, ११:१८
म्हणजे प्लस लावून वेगळा पत्ता दिला असता तर...

पाटाखालचं_मांजर, ११:१९
तरी पासवर्ड तोच असता.

सेवानिवृत्त_६२, सकाळी ६:०५
आमच्याकडे 'प्रमोशन्स' असा कप्पा आपोआप आला आहे. तो कसा काढावा? डीएनडी केलेले आहे.

निळाशार, ७:३०
काका, सेटिंग्ज, 'इनबॉक्स', तिथे 'प्रमोशन्स'वरची खूण काढा. पण मग ते सगळं पहिल्या पानावर येईल, राहू द्या.