चालढकल, आळस की दीर्घसूत्रता? (उपवासकाळाच्या पुस्तिकेसाठी)

मुद्रितशोधक
पुण्यातल्या एका मंडळीच्या (चर्चच्या) तरुणसंघासाठी उपवासकाळाची (लेंटची, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाची) ४० दिवसांची पुस्तिका मराठीत करायचं काम चालू आहे. रोज एक पान: शास्त्रभाग, मनन, छोटी प्रार्थना. दुसऱ्या आठवड्याचा विषय आहे आत्मिक वाढीतलं प्रोक्रॅस्टिनेशन. प्रार्थना उद्यापासून, बायबल वाचन नव्या वर्षापासून, ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडे नाताळ झाल्यावर. या सगळ्याला मिळून एक शब्द हवा आहे. मसुद्यात 'आळस' होतं, ते तपासणाऱ्यांनी खोडून 'दीर्घसूत्रता' केलं. पाळकांना 'चालढकल' कचेरीतला शब्द वाटतो. शीर्षकाला काय द्यावं? राखेच्या बुधवारच्या, म्हणजे उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसाच्या, तीन आठवडे आधी छपाईला द्यायचं आहे.

कसबेकर
दीर्घसूत्रता बरोबरच आहे. गीतेच्या १८व्या अध्यायातला २८वा श्लोक पाहा. तामस कर्त्याच्या वर्णनात 'अलस' आणि 'विषादी दीर्घसूत्री च' असे तिन्ही शब्द वेगवेगळे आलेत. एकाच श्लोकात दोन्ही आहेत, याचा अर्थ आळशी आणि दीर्घसूत्री हे एक नव्हेत. महाभारतात शांतिपर्वात तीन माशांची गोष्ट आहे, तिच्यात जाळ्यात सापडून मरतो त्या माशाचं नावच दीर्घसूत्र. नेमका शब्द हाताशी असताना नवा कशाला शोधायचा?

पावणेआठची_लोकल
कारण वाचणारे विशीतले आहेत. 'दीर्घसूत्री कार्यक्रम' म्हटलं की निम्म्या लोकांना लांब पल्ल्याची योजना वाटते. आमच्याकडे सगळे सरळ 'प्रोक्रॅस्टिनेट करतोय' म्हणतात. तेच देवनागरीत छापा.

हौदावरची_मैना
नका छापू. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून आख्खं बायबल मराठीत आणलं (छापून झालं १९२४ला, त्यांच्या मृत्यूनंतर). साध्या बाईला कळेल अशी भाषा हा त्यांचा हट्ट होता, जड संस्कृत शब्द त्यांनी टाळले. त्याच कसोटीने दीर्घसूत्रता बाद आणि प्रोक्रॅस्टिनेशनही बाद. राहिली चालढकल.

कसबेकर
आणि फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण? १६१६चं. त्यात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलंय. भक्ती, उपवास, प्रायश्चित्त हे शब्द तुम्ही कुठून आणले? तेव्हा चाललं, आता दीर्घसूत्रतेनेच विटाळ होतो का?

समास_आणि_शेष
शब्द ठरवण्याआधी रोग कोणता ते पाहा. मुद्रितशोधकांनी तीन उदाहरणं दिलीत आणि तिन्हींचं कारण वेगळं आहे.

वाचनाचं घ्या. ६६ पुस्तकांच्या बायबलात ११८९ अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन. पहिल्या दोन पुस्तकांत उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४०, म्हणजे १ जानेवारीला सुरू करणारा २८ तारखेच्या सुमारास तिसऱ्या पुस्तकाच्या, लेवीयाच्या, दारात. त्याआधीच निर्गमाच्या २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची मापं सुरू झालेली असतात. इथे चार दिवस चुकले की १३ अध्यायांची थकबाकी. 'रविवारी भरून काढू' म्हणायचं, रविवारी उपासना, संडे स्कूल, दुपारी पाहुणे. पुढच्या सोमवारी आकडा बघूनच पुस्तक उघडवत नाही. यात आळस कुठेही नाही, हिशेब चुकलाय. थकबाकी माफ करायची आणि आजच्या तारखेचा भाग उघडायचा, एवढाच उपाय. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय त्यासाठी सोयीचे: १७ तारीख तर १७वा, काल वाचला नाही तरी बिघडत नाही. नवख्याला मार्क द्या, १६ अध्याय, रोज एक. स्तोत्रं रोज पाच घेतली तर १५० महिन्यात बसतात खरी, पण २४ तारखेला ११६ ते १२० येतात आणि त्यात ११९वं एकटंच १७६ वचनांचं. बरेच जण तिथे सुटतात. त्या दिवशी तेवढंच तोडून दोन-तीन दिवसांवर वाटून टाका.

अबोल्याचं कारण भीती. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. तिथे 'लवकरच बोलणार' या निश्चयाचा उपयोग शून्य. कोणाला, किती वाजता, पहिलं वाक्य कोणतं, हे कागदावर लिहिलं तरच फोन होतो. याला मी 'भिजत घोंगडं' म्हणेन.

प्रार्थनेचं तिसरंच, त्यावर कोणी जाणकाराने लिहावं.

वाळवंटी_बाबा
प्रार्थनेचा जो कंटाळा आहे त्याला ग्रीकमध्ये अकेदिया. शब्दशः 'पर्वा नसणं'. चौथ्या शतकातल्या इव्हाग्रियस या वाळवंटातल्या संन्याशाने आठ दुर्विचारांत तो मोजलाय आणि त्याला दुपारचा सैतान म्हटलंय, स्तोत्र ९१:६ वरून. वेळसुद्धा दिली आहे: चौथ्या तासापासून आठव्यापर्यंत, आपल्या घड्याळात साधारण सकाळी १० ते दुपारी २. सूर्य हलत नाही असं वाटतं, संन्यासी खिडकीतून बघतो, जेवणाला किती वेळ आहे ते मोजतो, मग दुसऱ्या मठात जास्त बरं होईल असं मनात येतं. हा माणूस हातपाय गाळून बसलेला नसतो, उलट भारी धावपळीत असतो. पुढे पोप महान ग्रेगरीने अकेदिया आणि विषाद एकाच खात्यात घातले आणि हळूहळू त्याचा 'आळस' झाला. भाषांतरातला गोंधळ तिथून आलाय. इव्हाग्रियसचं मुख्य औषध: कोठडी सोडू नकोस. आपल्यासाठी: जागा आणि वेळ ठरलेली, दहा मिनिटं, मन लागो न लागो, उठायचं नाही. कंटाळा आला म्हणून वेळ वाढवायचीही नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्या वेळेचीच धास्ती बसते.
कसबेकर, तुमच्या श्लोकातला 'विषादी' इथे फार चपखल बसतो, हे मान्य.

कसबेकर
आभारी आहे. उशिरा का होईना.

हौदावरची_मैना
चालढकलीचा खरा नमुना रोमन सुभेदार फेलिक्स. प्रेषितांची कृत्ये २४:२५. पौलाचं ऐकून घाबरला, 'आता जा, सवड झाली की बोलावीन' म्हणाला. आणि बोलावलंही! वारंवार. पैसे मिळतील या आशेने. अशी दोन वर्षं काढली आणि पौलाला कैदेतच ठेवून गेला. यात आळस शोधून दाखवा. चालणारं काम ढकलत राहणं, म्हणून चालढकल.

पावणेआठची_लोकल
लॅटिनमध्ये क्रास म्हणजे उद्या, प्रोक्रॅस्टिनेशन त्यातलंच. मग 'उद्यापणा' का नको?

समास_आणि_शेष
लोक 'उद्यापन' वाचतील. सोळा सोमवारांचं.

वाळवंटी_बाबा
ऑगस्टिनने कावळ्याच्या ओरडण्यावर हीच कोटी केली आहे: क्रास, क्रास. संत एक्स्पेडिटसच्या चित्रात पायाखाली कावळा असतो तो याच शब्दामुळे. आपला कावळा काव काव करतो, त्यामुळे कोटी मराठीत येत नाही. आणखी एक: चौथ्या शतकात बाप्तिस्मा मरणाजवळ घ्यायची रीत होती, सगळी पापं एकदम धुतली जावीत म्हणून. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७मध्ये तसाच घेतला. तो पुढे ढकलणं हा पक्का हिशेब होता. त्याला तर चालढकलही म्हणवत नाही.

मुद्रितशोधक
म्हणजे चार आजारांना चार शब्द झाले. मला शीर्षक एकच द्यायचं आहे. 'दिरंगाई' चालेल का? दीर्घवरूनच आला असावा, म्हणजे कसबेकरही खूश.

कसबेकर
दीर्घचा काही संबंध नाही. फारसी 'दिरंग', म्हणजे विलंब. त्याला आपला 'आई' जोडला.

पावणेआठची_लोकल
दिरंगाई म्हटलं की दप्तर दिरंगाई कायदाच आठवतो. पाळकांना चालढकल कचेरीतली वाटते, मग ही कुठली?

समास_आणि_शेष
गंमत म्हणजे त्या २००५च्या अधिनियमाच्या अधिकृत नावात दिरंगाई नाहीच, 'विलंबास प्रतिबंध' आहे. दिरंगाई लोकांनी केली.

हौदावरची_मैना
कायद्याचं नाव म्हणताय ना? की कामाची?

समास_आणि_शेष
कायद्यानुसार फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. बाकी तुम्हीच ठरवा.

कसबेकर
'दप्तर' की 'दफ्तर'? मूळ फारसीत फ आहे. मराठीत प रूढ झालाय, पण कायद्याचा उल्लेख करताना कोणतं लिहायचं? वेगळा धागा काढू का?